पलटणीचा लांगरी, गावाचा मेजर

माझं लग्न ठरलं तेव्हा मिरजेतल्या आमच्या गल्लीनं माझ्या नावानं आधीच हळहळायला सुरुवात केली. मुलगा कारखान्यात नोकरीला, घरचा ऊस, विहिरीला पाणी, सगळं ठीक. पण सासरा फौजी. तोही साधासुधा नाही, एकाहत्तरच्या लढाईतला. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहाटे शिट्टी वाजते म्हणे त्यांच्यात. अंघोळीला रांग, जेवणाला रांग. भाकरी करपली तर पळायची शिक्षा." माझे वडील तंबोऱ्याचे भोपळे घासणारे कारागीर. आमच्या घरात सगळ्यात कडक वस्तू म्हणजे वाळलेला भोपळा. तिथून मी थेट रणांगणावर चालले होते.

लग्नात सासरे पाहिले ते फेट्यात. छातीवर पदकं, मिशा पीळदार, फोटोत हसायचं नाही असा बहुधा वरून हुकूम असावा. मी नमस्काराला वाकले तर म्हणाले, "जयहिंद." त्यावर सुनेनं काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मीही जयहिंद म्हणाले. वऱ्हाड हसलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दचकून उठले. शिट्टी वाजून गेली आणि आपल्याला ऐकूच आली नाही असं वाटून पदर खोचत स्वयंपाकघरात पळाले. तिथं गंजीफ्रॉकातला एक माणूस परातीत कणीक मळत बसला होता. फेटा नाही, पदकं नाहीत, कोपरापर्यंत पीठ. मला वाटलं, लग्नाचा आचारी अजून गेला नाही. मी म्हटलं, "अहो, ते चहाचं पातेलं जरा इकडं द्या. सासरे उठायच्या आत चहा टाकायचाय."

त्यानं पातेलं दिलं. साखरेचा डबाही सरकवला आणि म्हणाला, "सासरा उठलाय. साखर कमी टाक."

पळायची शिक्षा झाली नाही. उलट त्या दिवशी मला घरातली खरी गोष्ट कळली. माझे सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं माझे मामा, पलटणीत लांगरी होते. लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी. बंदूक त्यांनाही चालवायला शिकवली होती, पण पलटणीला त्यांची गरज लागायची ती भूक लागल्यावर. आणि भूक पलटणीला दिवसातून तीनदा लागायची, शत्रू काही रोज येत नव्हता.

गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या पुढं, हायवेपासून आत असलेल्या आमच्या गावात एकही लग्न मामांनी आमटी चाखल्याशिवाय पार पडत नसे. पण गावाच्या डोक्याला दोन खोल्या आहेत आणि मधलं दार कायम बंद असतं. सव्वीस जानेवारीला जो माणूस शाळेच्या पटांगणात शत्रूचा कर्दनकाळ असायचा, तोच दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मांडवात चूल फुंकत असायचा, आणि कुणालाही दोन्हींत काही विसंगत वाटत नसे.

या कर्दनकाळाचे निर्माते आमचे युवा नेते. वय पन्नाशीच्या घरात, केस काळेभोर, युवा ही त्यांची पदवी वडिलांकडून वारसानं आलेली. दरवर्षी झेंडावंदनानंतर ते मामांना शाल आणि नारळ द्यायचे आणि माईक हातात घेऊन त्यांचा पराक्रम सांगायचे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मामांनी दोन-चार शत्रू लोळवले होते. पुढं खंदकभर झाले. मग एक अख्खी चौकी एकट्यानं घेतली. माझी मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत मामा दातांनी हातबॉम्बची पिन काढत होते. घरी आल्यावर सासूबाईंनी, माझ्या आत्यांनी, विचारलं, "कुठल्या दातानं वो? खालची कवळी तर तिकडं वाटीत हाय."

हुद्द्याचंही तसंच. फौजेनं सगळी नोकरी करून घेऊन मामांना हवालदार केलं. गाव एवढं कंजूष नव्हतं. पेन्शनीवर घरी आले तेव्हा गावानं त्यांना सुभेदार केलं, युवा नेते पंचायत समितीवर निवडून आले तेव्हा कॅप्टन. आत्या म्हणायच्या, "अजून दोन इलेक्शनं जगले तर सेनापती हुत्याल. तवर मला तेवढं गोठ्यातलं श्याण काढाय एक शिपाई तरी द्या म्हणावं."

शाली मात्र आत्यांनी वाया जाऊ दिल्या नाहीत. त्यांची त्यांनी वाकळ शिवली, दोन खिडक्यांचे पडदे केले, आणि थंडीत म्हैस व्याली तेव्हा रेडकाच्या अंगावर एक जरीची शाल टाकली. तेच रेडकू पाहून युवा नेते एकदा दारात थबकले होते. शाल ओळखीची वाटली असावी.

मामा सुरुवातीला विरोध करायचे. "आवं, मी लांगरी हुतो," असं ते स्टेजवरून उतरताना सांगायचे. पण स्टेजवरून उतरताना सांगितलेलं कोण ऐकतं? पुढं पुढं त्यांनी सोडून दिलं. फक्त आम्ही दोघं चुलीपाशी असलो की बोलायचे. माझा हात चालू आणि त्यांचं तोंड. आमटी ढवळता ढवळता मी एकाहत्तरची अख्खी लढाई ऐकली, आणि ती झेंडावंदनाच्या लढाईपेक्षा फार वेगळी होती.

तिच्यात सगळीकडे चिखल होता. पूर्वेच्या सरहद्दीपलीकडं भाताची खाचरं, तळी, ओढे. पुढच्या कंपनीला जेवण पोचवायचं तर डाळीचा डबा बांबूला अडकवून दोघांनी खांद्यावर घ्यायचा आणि बांधावरून चालायचं. मामांचा जोडीदार म्हसवडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. उंच, काटक, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे लय खादाड. डाळ चाखायची म्हणून वाटीभर प्यायचा आणि मीठ कळलं नाही म्हणून आणखी एक वाटी घ्यायचा. एका दुपारी डबा घेऊन जाताना गोळा पडला. मामा पाण्यात फेकले गेले. उठून बघतात तर बांबूचं पुढचं टोक चिखलात रुतलेलं आणि जोडीदार संपलेला. मामांनी उरलेली डाळ डोक्यावर घेतली आणि पुढं गेले. तिथं माणसं सकाळपासून उपाशी होती.

ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. तीही मध्येच थांबून, "फोडणी करपतीया बग," असं म्हणून संपवली.

युद्धबंद्यांच्या छावणीची गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगायचे. लढाई संपल्यावर त्यांना तिथं नेमलं. समोर शत्रू, हजारांनी, आणि मामांच्या हातात झारा. "तवा मला कळलं," ते म्हणायचे, "शत्रू म्हंजी बी जेवाय बसल्याला माणूसच की. आन् जेवाय बसला की तक्रार करणारच." बंद्यांची तक्रार रोट्यांबद्दल होती. तव्यावरच्या रोट्या त्यांच्या घशाखाली उतरत नव्हत्या. शेवटी त्यांच्यातल्याच एका स्वयंपाक्यानं साहेबांची परवानगी काढून मैदानात माती कालवली आणि तंदूर उभा केला. मामा त्याच्या शेजारी बसून शिकले. रोटी तंदुराच्या भिंतीला चिकटवताना हात कसा आत घालायचा आणि केस न जळू देता कसा बाहेर काढायचा, हे त्यांना शत्रूनं शिकवलं.

तसाच तंदूर त्यांनी आमच्या परसात बांधला. पंचक्रोशीतल्या लग्नांत त्याच्या रोट्यांना मागणी असायची. युवा नेत्यांच्या स्वतःच्या लग्नातही त्याच गेल्या. वऱ्हाड्यांनी तुपात बुडवून हाणल्या, आणि कुणालाही शत्रूची चव लागली नाही.

मागच्या वर्षापर्यंत हे सगळं असंच सुखानं चाललं होतं. मग जिल्हा परिषदेची निवडणूक येणार अशी हवा सुटली आणि युवा नेत्यांना गावात रणगाडा आणायची इच्छा झाली. खरा, फौजेनं निकालात काढलेला. शेजारच्या गावानं चौकात तोफ बसवली होती, तेव्हा आपण तोफेवर थांबून चालणार नव्हतं. त्यांनी मुंबई-पुण्याला खेटे घातले, आणि एक दिवस लांबलचक ट्रेलरवर रणगाडा खरोखरच आमच्या गावच्या फाट्यावर येऊन उभा राहिला. पुढं हलगीवाले, मागं मोटारसायकली, रस्त्याकडेला सुवासिनी आरत्या घेऊन. आत्या म्हणाल्या, "नवरी बी एवढी जड न्हाई आली कुणाची."

आणि मिरवणूक वेशीत अडकली. फाट्यावरून गावात शिरायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर युवा नेत्यांनी आपल्या स्वर्गवासी वडिलांच्या नावानं सिमेंटची कमान बांधलेली. रणगाडा कमानीतून जाईना. उंचीला जाईना आणि रुंदीलाही जाईना. ट्रेलरवाल्यानं मागं-पुढं करून पाहिलं, हलगीवाल्यांनी हलगी खाली ठेवली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पाडा की कमान!" युवा नेत्यांनी त्या दिशेला असं बघितलं की पुढची पंधरा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. एकीकडे देश आणि एकीकडे वडील, असा बाका प्रसंग. शेवटी ज्याच्यासाठी चौकात चौथरा बांधला होता तो रणगाडा कमानीच्या बाहेरच, मुरूम टाकून, उतरवला गेला.

क्रेनवाला घाईत होता. त्यानं रणगाडा जसा आला तसा ठेवला आणि निघून गेला. उन्हं उतरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की तोफेचं तोंड हायवेकडे नाही, गावाकडे आहे. कमानीच्या बरोब्बर मधून युवा नेत्यांच्या बंगल्यावर. पुन्हा क्रेन आणून फिरवू म्हणाले. अजून फिरवलेला नाही.

रणगाड्याच्या अनावरणाला मामा लागणारच होते. त्याआधी गावभर फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर मामांचं डोकं होतं, आणि त्या डोक्याखाली कुणा विदेशी कमांडोचं धड. दंड मामांच्या मांड्यांएवढे, हातात दोन्ही बाजूंनी पेटणारी बंदूक, मागं जळतं शहर. खाली लिहिलेलं, "मेजरसाहेब." मामा बराच वेळ फ्लेक्ससमोर उभे राहिले. मग मला म्हणाले, "डोस्कं माझंच हाय. बाकीचा कोण हाय बिचारा, त्याच्या घरच्यांस्नी इचारलं का?"

मग कऱ्हाडहून एक यूट्यूबवाला मुलाखत घ्यायला आला. त्यानं मामांना अंगणात खुर्चीवर बसवलं, मागं झेंडा लावला, मला तंदूर झाकायला सांगितलं.

"आजोबा, शत्रू पहिल्यांदा समोर बघितला तेव्हा रक्त सळसळलं असेल ना?"

"रक्ताचं काय न्हाई. लय वाळल्याली दिसली पोरं. म्हटलं डाळ वाढवाय लागंल."

"नाही, म्हणजे लढाईत. तुमच्या हातानं किती मारले?"

मामांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "कोंबड्या व्हय? मोजल्या न्हाईत बाबा. बडा खाना, म्हंजी पलटणीची मोठी पंगत असली की पाटीनं असायच्या."

यूट्यूबवाल्यानं कॅमेरा बंद केला. तो माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, आजोबांना वयामुळं विसर पडतोय, तुम्ही जरा आठवण करून द्या. माझा नवरा कारखान्यात नोकरीला आणि कारखाना कुणाचा हे सांगायला नको. तो मामांना म्हणाला, "आण्णा, दोन वाक्यं बोला की. तुमचं काय जातंय?"

मामा म्हणाले, "माझं काय जात न्हाई रं. म्हणून तर एवढी वर्सं गप हाय." आणि उठून आत गेले. तरी व्हिडिओ निघाला. त्यात मामा नुसते बसलेले दिसतात, मागं बंदुकांचे आवाज आणि एका भारदस्त आवाजाचं निवेदन. आमच्या गावात तो सगळ्यांनी पाहिला, शेअर केला, आणि खाली अंगठे ठेवले.

अनावरणाच्या दिवशी मामांनी पदकं स्वतः पुसली. मंत्री येणार होते, ते आले नाहीत. त्यांचा शुभेच्छांचा निरोप आला आणि तो दोनदा वाचून दाखवला गेला. शाळेतल्या मुलांना उन्हात उभं केलं होतं. युवा नेते उठले आणि त्यांनी एकाहत्तरची लढाई जिंकायला सुरुवात केली. या वेळी मामा थेट रणगाड्यावर चढले होते, झाकण उघडून आत बॉम्ब टाकत होते. "असाच रणगाडा!" युवा नेत्यांनी मागं हात केला. "असाच रणगाडा मेजरसाहेबांनी उडवला!" मी बायकांच्या रांगेत बसले होते. तिथून मला फक्त मामांचे पाय दिसत होते. ते खुर्चीखाली अस्वस्थ हलायला लागले.

मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते दरवर्षी जयहिंद म्हणून बसायचे. या वेळी त्यांनी माईक घट्ट धरला.

"मी मेजर न्हाई," ते म्हणाले. "हवालदार हाय, आन् लांगरी हाय. एकाहत्तरात मी सैपाक केला. एक गोळी झाडली न्हाई. माझ्यासंगं म्हसवडकडचा एक गडी हुता, त्यानं बी झाडली न्हाई. डाळ घिऊन जाताना त्यो गेला. त्याचं नाव हितं कुणाला ठावं न्हाई. लढाई झाल्यावर मी शत्रूला रोट्या घातल्या. त्या तुमी बी खाल्ल्याता. हे आसं हाय. आता लेकरास्नी सावलीत बसवा."

मागं दोन पोरं फिसकन हसली. माझा नवरा खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत होता. मला वाटलं, झालं, एवढ्या वर्षांचा भोपळा फुटला. माझ्या अंगावर काटा आला, आनंदानंच.

पण युवा नेते काही उगीच तीन वेळा निवडून आलेले नाहीत. ते धावत पुढं आले, मामांच्या हातातून हळूच माईक घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "बघितलंत? हा विनय! खरा वीर स्वतःचा पराक्रम कधी सांगत नसतो! म्हणतात, मी डाळ केली! अरे, शत्रूची डाळ शिजू दिली नाही या माणसानं!"

टाळ्या. शिट्ट्या. "मेजरसाहेबांचा विजय असो!" हलगी कडाडली. ज्या बायका मामांच्या रोट्या खाऊन म्हाताऱ्या झाल्या त्यांनीही डोळ्याला पदर लावला. शेजारची मला म्हणाली, "किती साधा माणूस गं." युवा नेत्यांनी शाल घातली. मामा शालीच्या आत असे दिसत होते, जसं कुणी चोरावर पांघरूण टाकून धरलंय.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "पोरी, तुला गाडी चालवाय येती. मला म्हसवडला सोड."

आम्ही दोघंच निघालो. मायणीच्या पुढं ऊस संपला, माळ सुरू झाला, आणि मामा बोलायला लागले. लढाईनंतरच्या पहिल्या सुट्टीत ते जोडीदाराची ट्रंक घेऊन त्याच्या घरी गेले होते. अंगणात गाव जमला होता. आई मधोमध बसलेली. तिनं विचारलं, "कसा गेला रं माझा पोरगा?" मामांनी सांगायला तोंड उघडलं, तर शेजारी बसलेला तिथला पुढारी बोलला, "कसा जाणार? वाघासारखा! धा जणांना मारून गेला, व्हय का न्हाई हो फौजी?" सगळ्या अंगणानं मामांकडं बघितलं. मामांनी मान हलवली. आईला हुंदका फुटला, गावाची छाती फुगली, आणि मामा चहा पिऊन परत आले. त्यानंतर ते त्या घरी कधी गेलेच नव्हते.

"काल त्यानं माईक काडून घेतला," ते म्हणाले, "तवा वाटलं, ह्यो गडी मी आधी कुटंतरी बगितलाय."

जोडीदाराचा धाकटा भाऊ आता स्वतःच म्हातारा झालेला. मेंढरं कमी केलेली, दाराशी डाळिंबाची बाग. त्यानं मामांना ओळखलं नाही. ओळख पटल्यावर घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. भिंतीवर आईचा फोटो होता आणि शेजारी जोडीदाराचा, गणवेशातला, हार घातलेला. मामांनी इकडतिकडचं काही न बोलता सगळं सांगितलं. बांबू, डबा, गोळा, चिखल. भाऊ ऐकत होता. मध्ये त्याची बायको चहा घेऊन आली, तर त्यानं हातानंच थांबवलं.

मामांचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "डाळ पोचली का?"

"पोचली. निम्मी सांडली. निम्मी मी नेली."

"आन् त्यो? त्यो जेवला हुता का?"

"व्हय तर," मामा म्हणाले. "निघायच्या आदी दोन वाट्या पिला. वर चार रोट्या. मीच म्हणालो, बास कर, चालाय यायचं न्हाई."

म्हातारा एकदम उठून उभा राहिला. मला वाटलं त्याला रडू येतंय. पण तो चिडला होता. "आन् हे तुमी आत्ता सांगताय?" तो ओरडला. "आवं, माझी आई मरंपत्तूर एकच इचारत हुती. माझं लेकरू उपाशी तर न्हाई ना गेलं? लडाईत कोण जेवाय घालतंय, म्हणायची. सगळं गाव तिला सांगायचं, वाघावानी लडला, धा मारलं. ती म्हणायची, व्हय बाबा, पर त्यानं खाल्लं हुतं का?"

"मी सांगाय तोंड उगडलं हुतं," मामा हळू आवाजात म्हणाले.

"उगडलं हुतं तर मिटलं कशाला?"

एवढ्या वर्षांत मामांच्या अंगावर पडलेल्या शालींपैकी एकही त्या क्षणी उपयोगाची नव्हती. मी उठून त्यांच्याजवळ गेले, तर म्हाताऱ्यानं मला थांबवलं आणि मामांना फोटोकडं बोट दाखवलं. "मला काय सांगताय? तिला सांगा."

मामा भिंतीपाशी गेले. पाय जुळवून उभे राहतील असं मला वाटलं, पण ते खाली बसले, आणि वर फोटोकडं बघत साध्या आवाजात म्हणाले, "जेवून गेला, आई. पोटभर जेवून गेला." भावाच्या बायकोनं मघाचा चहा पुन्हा गरम करून आणला. भाऊ मामांकडं न बघताच म्हणाला, "जेवल्याबिगर जाऊ नगा."

बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं होतं. दोघं म्हातारे एकमेकांकडं पाठ केल्यासारखे जेवले. निघताना भावानं डाळिंबांची पिशवी गाडीत टाकली आणि मला सांगितलं, "ह्यास्नी परत आन. मला अजून लय भांडायचं हाय."

तसंच झालं. त्यांची भांडणं अजून संपलेली नाहीत. दर रविवारी फोन येतो आणि मामा अंगणाच्या टोकाला जाऊन ओरडून बोलतात. भावाचे डोळे मिरजेत दाखवायचे होते तेव्हा तो आमच्याकडं चार दिवस राहिला, तंदुरापाशी बसून जोडीदाराच्या लहानपणच्या खोड्या सांगत होता, आणि मामा प्रत्येक गोष्टीनंतर "खरं का काय?" म्हणून खात्री करून घेत होते.

इकडं रणगाड्याचं बरं चाललंय. ऊसतोडीच्या बायकांना त्याची तोफ धुणं वाळत घालायला सोयीची पडते, आणि शेळ्यांना सावली मिळते. युवा नेते निवडणुकीत थोडक्यात पडले. विरोधकानंही प्रचारात मामांचाच फ्लेक्स लावला होता, त्यात त्यांना कर्नल केलं होतं.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला आम्ही पहाटेच म्हसवडला निघून गेलो. मामांनी कुणाला सांगितलं नाही. उन्हं वर आल्यावर माझ्या नवऱ्याचा फोन आला. स्टेजवर मामांचं नाव पुकारलं, खुर्ची रिकामी, गर्दीत कुजबुज. युवा नेते एक क्षणही अडखळले नाहीत. म्हणाले, मेजरसाहेब या वयातही एका गुप्त कामगिरीवर गेलेत, जास्त सांगता येणार नाही. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी हे मामांना सांगायला बागेत गेले. ते आणि भाऊ एका पातेल्यात वाकून मटणाला मीठ किती यावरून तावातावानं भांडत होते, आणि दोघांपैकी कुणालाही माझं ऐकायला वेळ नव्हता.